कपाटाला कुलूप नको

साडेतीन वर्षांच्या मुलाला गृहपाठ देण्यावर कायद्याने बंदी हवी. हे माझं मत मी आधीच सांगून टाकते. ज्यांना ते पटत नाही, त्यांनी पुढचं जरूर वाचावं.

दिवाळी आटोपली की शहरांत नर्सरीच्या प्रवेशांची धावपळ सुरू होते. आई-बाप चार ठिकाणी फॉर्म भरतात. फी हप्त्याने चालेल का, बस दारापर्यंत येते का, वर्गात सीसीटीव्ही आहे का, सगळं विचारून घेतात. मूल तिथे तीन तास हातांनी काय करणार, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. विचारलंच, तर बहुतेक ठिकाणी खरं उत्तर एकच येईल: बसणार. खुर्चीवर बसणार, टीचरच्या मागून म्हणणार, वर्कशीटवरचे ठिपके जोडणार आणि घरी जाताना दप्तरातून उद्यासाठी एक पान नेणार. खेळणी वर्गात असतात, पण वरच्या फळीवर, प्रवेशाच्या दिवशी पालकांच्या नजरेत भरतील अशी. बाहेर पाटीवर 'माँटेसरी' लिहिलेलं असतं, कारण ते नाव वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.

मारिया माँटेसरी, गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक, अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी आयुष्य वेचून जे सांगितलं, त्याचं सार थोडक्यात मावतं. लहान मूल हातांनी शिकतं. काय करायचं आणि किती वेळ करायचं, हे शक्य तितकं त्याचं त्याला ठरवू द्यावं. हे सांगायला सुरुवात होऊन शंभराहून अधिक वर्षं झाली, आणि आपण अजून नेमकं उलट करतो आहोत.

आधी मनगट, मग पेन्सिल

मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला, तर त्यातली साधारण तीनच दिसतात. बाकीची अजून कूर्चेच्या रूपात असतात आणि पुढच्या काही वर्षांत एकेक करून घट्ट होत जातात. अशा मनगटाकडून आपण दुरेघी वहीत पानभर 'अ' काढून घेतो. अक्षर रेघेबाहेर गेलं की खोडरबर पुढे करतो. आणि मुलाला लिहायचा कंटाळा आहे, अशी तक्रार पालकसभेत करतो.

हाताची तयारी पेन्सिलीने होत नाही. ती कणीक मळून होते, मटार सोलून होते, सुईदोऱ्यात मणी ओवून, मातीचे गोळे वळून, रुमालाच्या घड्या घालून होते. माँटेसरींनी खरखरीत कागदाची अक्षरं कापून पाटीवर चिकटवली आणि मुलांना त्यांवरून बोटं फिरवायला दिली. अक्षराचं वळण आधी बोटांच्या टोकांत बसतं, मग कागदावर उतरतं. आपल्याकडे धूळपाटी होतीच. धुळीत बोटाने अक्षर काढायचं, हाताने पुसायचं, पुन्हा काढायचं. चूक झाली तर ती पुसायला क्षण पुरायचा आणि लाल शाईची खूण मागे उरायची नाही.

एका वस्तीतल्या बालवाडीत पाहिलेलं सांगते. चार वर्षांची एक मुलगी सतरंजीवर बसली होती. पुढ्यात ताट, ताटात पाण्याचा छोटा तांब्या, दोन पेले आणि एक फडकं. तिने तांब्या उचलला आणि ओतायला गेली, तर धार पेल्याबाहेर. तिने फडकं घेतलं, पाणी टिपलं, दोन्ही मुठींनी फडकं पिळलं. दुसऱ्या खेपेला डावा हात आपोआप तांब्याच्या बुडाशी गेला. धार पेल्यात पडली, पण थांबवायला उशीर झाला. पुन्हा फडकं. तिसऱ्या खेपेला पेला काठाच्या बोटभर खाली असतानाच तिने तांब्या सरळ केला. ताई दोन हातांवर बसून बघत होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मुलीने दोन्ही पेले तांब्यात रिकामे केले आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली.

तेवढ्या वेळात ती मनगट वळवायला शिकली, धार अडवायला शिकली, किती पाण्यात किती पेला भरतो याचा अंदाज घ्यायला शिकली, स्वतःचं सांडलेलं स्वतः निस्तरायला शिकली. पालकांना दाखवायला मात्र वहीत एक रेघही उमटली नाही. बालशिक्षणाची सगळी अडचण इथे आहे. खरं शिकणं वहीत दिसत नाही, आणि फी भरणाऱ्याला वही बघायची असते.

मग शाळा वही भरून देते. मुलाचा हात धरून भरून देते.

रोममधलं उघडं कपाट

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या मजूरवस्तीत माँटेसरींनी पहिलं बालगृह सुरू केलं. त्या पेशाने डॉक्टर होत्या. इमारतीच्या मालकांची अपेक्षा एवढीच होती, की आई-बाप कामावर गेल्यावर मागे राहिलेल्या पोरांनी जिने आणि भिंती खराब करू नयेत. शिक्षणाचा क्रांतिकारी प्रयोग त्यांच्या डोक्यात नव्हता. जमलेली मुलं गरिबाघरची होती. आज 'माँटेसरी' म्हणताच डोळ्यांपुढे वातानुकूलित वर्ग येत असेल, तर मूळ एवढं तरी लक्षात असू द्यावं.

तिथे साधनं कपाटात कुलूपबंद असत आणि बाई ती वाटत. एके दिवशी कपाटाला कुलूप लावायचं राहिलं आणि बाईंना यायला उशीर झाला. त्या आल्या तेव्हा मुलांनी कपाट उघडून आपापल्या आवडीचं साधन काढलं होतं आणि ती कामाला लागली होती. बाईंना ती चोरी वाटली, शिक्षा करावीशी वाटली. माँटेसरींनी त्यातून वेगळंच ओळखलं: या मुलांना साधनं एवढी ओळखीची झाली आहेत, की आपल्याला काय हवं ते त्यांचं त्यांना कळतं. त्यानंतर मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी कपाटं आली. आजही चांगला बालवर्ग याच खुणेवरून ओळखता येतो.

याच वर्गात तीन वर्षांच्या आसपासची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या भोकांत दट्टे बसवत होती. दहा भोकं, दहा दट्टे, प्रत्येकाचं माप वेगळं. एक चुकला की शेवटी एक उरतोच, त्यामुळे चूक सांगायला बाई लागत नाहीत. मुलगी दट्टे काढत होती, मिसळत होती, पुन्हा बसवत होती. माँटेसरींनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली. तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. तिने ठोकळा मांडीवर घेतला आणि काम चालू ठेवलं. चाळीसहून अधिक वेळा तिने ते केलं आणि मग आपणहून थांबली, ताजीतवानी.

आपण म्हणतो, लहान मुलं एका जागी दोन मिनिटं टिकत नाहीत. टिकतात. आपण दर वीस मिनिटांनी तास बदलून त्यांना उठवतो.

बोर्डीचं अंगण

ही पद्धत परदेशी आहे, महाग आहे, आपल्या मातीत चालत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी पालघर जिल्ह्याचा नकाशा उघडावा.

गिजुभाई बधेकांनी वकिली सोडून भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर काढलं ते १९२० साली. ताराबाई मोडक राजकोटची महिला अध्यापन महाविद्यालयातली नोकरी सोडून त्यांच्या कामात उतरल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. माँटेसरी स्वतः भारतात आल्या १९३९ मध्ये, मद्रासच्या अड्यारला. म्हणजे त्या इथे पाय ठेवण्याच्या तेरा वर्षं आधी त्यांच्या विचारांची संस्था इथे उभी होती. पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार चालवलं, नाव मिळवलं. मुंबईत सुखाने राहता आलं असतं.

१९४५ मध्ये त्या आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. अनुताई मोरगावच्या, तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. शिकून शिक्षिका झालेल्या. या दोघींनी समुद्राकाठच्या त्या गावात बालवाडी उघडली. दलित वस्तीतली मुलं येईनात. आज आपण अशा वेळी पटावर 'अनियमित' असा शेरा मारतो. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली, घरांपुढच्या अंगणात. तिथे मुलांना आंघोळी घातल्या, केस विंचरले, गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या, हाताला काम दिलं. सबंध देशाला पुढे जी अंगणवाडी मिळाली, तिची मुळं त्या अंगणात आहेत.

परदेशी पेट्या आणायला पैसे नव्हते. मग चिंचोके, शंख-शिंपले, पानं, फुलं, बिया, गोटे, माती, बांबू. माँटेसरींच्या गुलाबी मनोऱ्यात एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत दहा घन असतात. तो मनोरा सुंदर आहे, नेमका आहे. पण लहान-मोठं शिकायला समुद्रकाठचे शिंपलेही पुरतात, हे या दोघींनी करून दाखवलं. साधनामागचा विचार पक्का असेल तर साधन बदलता येतं. आज उलटं चाललं आहे: साधन आयात, विचार बेपत्ता.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांत. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जात, म्हणून कुरणशाळा निघाली. जिथे गुरं तिथे शाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली, म्हणजे धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून थोरलीची शाळा सुटू नये. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, अनुताई १९९२ मध्ये. एकीला पद्मभूषण मिळालं, दुसरीला पद्मश्री. सन्मान आपण केला. काम पुढच्या बालवर्गांत उतरवलं नाही.

मुलाच्या कलाने चालणं म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या मला सापडत नाही: मूल जिथे आहे तिथे शाळेने जायचं. जागेने, वेळेने आणि भाषेनेही. ज्या वर्गात मुलाला आपल्या बोलीत प्रश्न विचारायची चोरी आहे, तो वर्ग मुलाच्या कलाने चालूच शकत नाही. घरी 'पानी पायजे' म्हणणाऱ्या लेकराला तहान लागल्यावर आधी इंग्रजी वाक्य जुळवावं लागत असेल, तर तिथे कितीही महागडे ठोकळे आणून ठेवा, उपयोग शून्य.

सहा आणि सहा चिंचोके

आज संध्याकाळी घरात करून पाहा. चार वर्षांच्या मुलासमोर सहा चिंचोक्यांची एक ओळ मांडा. खाली तेवढ्याच लांबीची सहा चिंचोक्यांची दुसरी ओळ. विचारा, दोन्हींत सारखे आहेत ना? मूल हो म्हणेल. आता त्याच्या डोळ्यांदेखत खालची ओळ पसरवा, चिंचोके लांब लांब ठेवा. एकही वाढवू नका. पुन्हा विचारा, जास्त कुठे आहेत? बहुतेक मुलं बेधडक लांब ओळीवर बोट ठेवतील. स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांनी असे प्रयोग केले आणि त्यावर पुढे जगभर काम झालं.

हे मूल कदाचित शंभरपर्यंत घडाघडा म्हणत असेल. पाहुण्यांसमोर म्हणूनही दाखवत असेल. पण मांडणी बदलली तरी सहा हे सहाच राहतात, हे त्याला अजून उमगलेलं नाही. त्याला रागावून उपयोग नाही आणि बरोबर उत्तर पढवूनही उपयोग नाही. त्याला चिंचोके हवेत. ते मांडायला हवेत, मोडायला हवेत, वाटायला हवेत. ताटं मांडताना घरातल्या पाच माणसांना पाच वाट्या ठेवायला हव्यात आणि एक कमी पडली की आणायला उठायला हवं. पुढे एके दिवशी तेच मूल पसरलेल्या ओळीकडे बघून म्हणेल, सारखेच तर आहेत. त्या दिवशी त्याला संख्या कळली. तोवर जे होतं ते पाठांतर.

पाठांतराला माझा विरोध नाही. बडबडगीतं, श्लोक, पाढे यांची गोडी मुलांना असते आणि ती राखावी. पाठांतरालाच गणित समजण्याला विरोध आहे.

एक सूचना महत्त्वाची: चिंचोके, मणी, बिया तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नका. त्यापुढेही मोठं माणूस समोर असावं. हाताने शिकायचं म्हणजे मुलाला वाऱ्यावर सोडायचं नाही.

मोकळं सोडलं की बिघडतं?

हा आक्षेप घराघरांतून येतो, विशेषतः आजोबांकडून. त्यात तथ्य आहे, म्हणून नीट उत्तर देते.

मुलाने ठरवायचं म्हणजे मुलाने वाट्टेल ते करायचं असा अर्थ कुणीही सांगितलेला नाही. चांगल्या बालवाडीत नियम थोडे असतात आणि पक्के असतात. घेतलेली वस्तू जागेवर ठेवायची. दुसऱ्याचं काम मोडायचं नाही. कुणाला मारायचं नाही. एवढ्या कुंपणात निवड मुलाची. आज मातीकाम की मणी, एकटं की जोडीने, पाच मिनिटं की अर्धा तास.

ताईंचं काम यात कमी होत नाही, वाढतं. सकाळी मुलं यायच्या आधी साधनं मांडायची. कुठल्या मुलाला कालचं सोपं झालं आहे, कुणाला अजून आठवडाभर तेच हवं आहे, हे ओळखून मांडायची. मग मागे सरकायचं आणि बघायचं. टिपण ठेवायचं. मूल अडलं तर लगेच धावायचं नाही. मूल रडकुंडीला आलं तर मात्र थांबायचं नाही. या दोन क्षणांमधलं अंतर ओळखणं हे या पेशातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे. ते उन्हाळी सुट्टीतल्या आठवडाभराच्या शिबिरात येत नाही. तरीही आपल्याकडे लहान मुलांना काय, कुणीही सांभाळेल, असा समज आहे, आणि पगारही त्याच समजाने दिला जातो.

घरातही हेच. मूल शर्टाचं बटण लावत असतं, आपल्याला घाई असते, आपण त्याचे हात बाजूला सारून लावून टाकतो. दिवसातून दहादा असे हात बाजूला सारले जातात. मग सहाव्या वर्षी आपणच म्हणतो, याला काहीच स्वतःहून करता येत नाही. सकाळी दहा मिनिटं लवकर उठा आणि बटण त्याला लावू द्या. हे शिक्षण फुकट आहे.

स्मार्टबोर्ड आणि टॅबलेट यांबद्दल एवढंच. काचेवर बोट सरकवताना वाळू, पाणी, लाकूड आणि लोकर यांचा स्पर्श सारखाच लागतो. तो फरक तीन वर्षांच्या मुलाला ती काच शिकवू शकत नाही. शाळेच्या माहितीपत्रकात स्मार्टबोर्डचा फोटो पहिल्या पानावर असेल, तर पुढचं पान उलटायची गरज नाही.

पण पहिलीत मागे पडेल ना?

हीच भीती विकून सगळा धंदा चालतो. म्हणून पुराव्याकडे वळते.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावात १९६७ मध्ये गरीब घरांतल्या ६८ मुलांचे तीन गट केले गेले. एका गटाला शिक्षकाने ठरवलेले धडे काटेकोर क्रमाने. दुसऱ्यात मुलांनी बेत करायचा, काम करायचं, मग केलेलं सांगायचं. तिसऱ्यात नेहमीचा खेळवर्ग. सुरुवातीला तिन्ही गटांतल्या मुलांचा बुद्ध्यांक वाढला, धडेवाले फार पुढे गेले नाहीत. खरा फरक पुढे दिसला. तेविसाव्या वर्षी पाहिलं, तर धडे गिरवलेल्या गटात गंभीर गुन्ह्यांसाठी अटक झालेल्यांचं प्रमाण इतर दोन गटांपेक्षा जास्त निघालं. ६८ ही संख्या लहान आहे आणि एकाच अभ्यासावर सगळा भार टाकू नये, हेही खरं. पण लवकर घोकवल्याने मूल आयुष्यात पुढे जातं, हा दावा तिथे तरी टिकला नाही.

आपल्या देशातलं पाहायचं असेल तर 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाचा २०१९ चा अहवाल आहे. २४ राज्यांतले २६ जिल्हे, चार ते आठ वर्षांची मुलं. वय भरायच्या आधी पहिलीत बसवलेली मुलं वाचनात आणि गणितात मागे राहतात, असं त्यात दिसलं. म्हणजे 'वर्ष वाचवलं' म्हणून ज्या घाईचं आपल्याला कौतुक वाटतं, ती घाईच मुलाला मागे ठेवते.

अंगणवाडीतलं कुलूप

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. आज महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. ताई दारात, मूल ओळखीचं, भाषा घरची, फी नाही. बोर्डीत जे हवं होतं ते सगळं गावागावांत हजर आहे. मग घोडं अडलंय कुठे?

योजनेत सेवा सहा आहेत: पूरक पोषण, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, आरोग्य-आहार शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. सेविका एक, मदतनीस एक. वजन घ्यायचं, आहार वाटायचा, गरोदर मातांच्या घरी जायचं, मोबाइलवर माहिती भरायची, रजिस्टरं लिहायची आणि वर सर्वेक्षणं. उरलेल्या वेळात शिकवायचं. उरतो किती? तिला मानधन मिळतं, पगार नाही. ग्रॅच्युइटी मिळण्याचा हक्क सुद्धा सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावा लागला.

कागदावर धोरण चांगलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा एक टप्पा मानला, खेळातून शिकण्याला जागा दिली, सेविकांसाठी सहा महिन्यांच्या आणि वर्षाच्या प्रशिक्षणाची तरतूद सांगितली. २०२३ मध्ये केंद्राने 'जादुई पिटारा' आणला: खेळणी, बाहुल्या, कोडी, चित्रं. चांगलंच झालं. पण आपल्याकडे सरकारी साहित्याचं काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. मोडलं तर भरून कोण देणार? तपासणीला साहेब आले तर नगाला नग लागला पाहिजे. म्हणून ते कपाटात जातं आणि कपाटाला कुलूप लागतं. साहेब आले की बाहेर येतं, फोटो होतो, परत आत. सान लोरेंझोतलं कुलूप विसरून राहिलं, तेव्हा कुठे मुलांना वाव मिळाला. आपलं कुलूप कुणी विसरत नाही.

यात ताईंचा दोष नाही. तुटलेल्या बाहुलीचा हिशोब जिच्याकडून मागितला जातो, ती कुलूप लावणारच. वापरून झिजलेलं, मोडलेलं साहित्य ही चांगल्या अंगणवाडीची खूण मानली पाहिजे आणि कोऱ्या करकरीत पेटीबद्दल जाब विचारला पाहिजे. तपासणीच्या तक्त्यात हा एक रकाना बदला.

आणि खासगी नर्सऱ्या? शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे. तीन ते सहाचं मूल त्याच्या हक्काच्या बाहेरच राहिलं. केंद्र सरकारने नेमलेल्या यशपाल समितीने १९९३ मध्येच बजावलं होतं, की नर्सरीच्या प्रवेशासाठी परीक्षा आणि मुलाखती बंद करा आणि या शाळांवर कायद्याचं नियंत्रण आणा. त्यानंतर एक सबंध पिढी ठिपके जोडून मोठी झाली आणि आता आपल्या मुलांचे फॉर्म भरते आहे.

शासनाकडे मागणं तीनच आहे. प्रत्येक अंगणवाडीत फक्त बालशिक्षणासाठी दुसरी, प्रशिक्षित ताई, आणि तिला पगार. पहिलीच्या आधी लेखी गृहपाठाला आणि लेखी परीक्षेला बंदी, सरकारी-खासगी दोन्हीकडे. आणि साधनं उघड्यावर, मुलांच्या हाताला येतील अशी.

शाळेत जाऊन हे विचारा

पालकांशी शेवटचं बोलते. पोटाला चिमटा काढून तुम्ही मुलाला नर्सरीत घालता, त्यामागची माया मला कळते. म्हणूनच त्या पैशात काय मिळतं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पैसे भरण्याआधी वर्ग चालू असताना आत जाऊन उभं राहू द्या, असं सांगा. नाही म्हणाले तर परत फिरा. आत गेलात तर भिंतींवरची चित्रं बघू नका, मुलांचे हात बघा. हातांत काही आहे का? प्रत्येकाच्या हातात वेगळं आहे का? वस्तू कुठे ठेवल्या आहेत, आणि मूल त्या न विचारता घेऊ शकतं का? मूल आपल्या भाषेत बोललं तर ताई काय करतात? मुलं जास्त बोलत आहेत की ताई?

उत्तरं चांगली मिळाली, तर ती शाळा पत्र्याच्या खोलीत भरत असली तरी मुलाला तिथेच घाला, आणि वर्षभर वहीची मागणी करू नका. जवळची अंगणवाडीही पाहा. तिथल्या ताईंना जुनी वर्तमानपत्रं, चिंध्या, रिकामे डबे, करवंट्या नेऊन द्या, आठवड्यातून एक तास जाऊन गोष्ट सांगा, आणि ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या सभेत त्या कपाटाची किल्ली मागा. मुलाचं तीन ते सहा हे वय पुन्हा येत नाही, आणि ते बसवून घालवायचा अधिकार शाळेला नाही, सरकारला नाही आणि आपल्यालाही नाही.